पांढऱ्या धुराची गाडी

इस्लामपूरहून आष्ट्याकडे निघालं की गाव संपता संपता डाव्या हाताला पत्र्याची एक शेड लागते. पुढे चिंचेची दोन झाडं आणि त्यांच्या सावलीत कायम तीन-चार गाड्या, सगळ्या डिझेलच्या. पेट्रोलची गाडी आप्पासाहेब बनसोडे हातात धरत नाहीत. कुणी आणलीच तर म्हणतात, "हिला धूर कुठं असतोय? मी बोलू कुणासंगं?" मी त्यांना पंचवीस वर्षं ओळखतो. माझं आष्ट्यात खताचं दुकान आहे, घर गावाबाहेर मळ्यात. गाडीवाचून माझं पान हलत नाही, आणि माझ्या प्रत्येक गाडीने कधी ना कधी मला त्या शेडच्या दारात नेऊन उभं केलं आहे.

आप्पांची एक पद्धत होती. मला ती कधीच आवडली नाही, कारण मला थांबायला आवडत नाही. गाडी आदल्या संध्याकाळी त्यांच्या आवारात लावायची, किल्ली द्यायची आणि घरी जायचं. इंजिन पार गार झालं पाहिजे. मग सकाळी सहाला चहा झाला की आप्पा सायलेन्सरमागे एका पालथ्या क्रेटवर बसणार आणि त्यांची बायको जाईबाई आत बसून किल्ली फिरवणार. जाईबाईंना गाडी चालवता येत नाही, पण त्यांनी सुरू केलेल्या गाड्यांची गणती नाही. कुणी सकाळी गाडी चालवत आणून म्हणालं, "आप्पा, पहाटं सुरू व्हायला लय त्रास देती," तर आप्पा बोनेटवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "आता गरम हाय ही. दुखायचं थांबल्यावर डाक्टरकडं येऊन काय उपेग? ठेवून जावा."

मागे बसून ते काय बघतात हे मी एकदा वैतागून विचारलं होतं. त्यांनी नीट समजावलं. सेल्फ फिरतोय आणि मागून काहीच निघत नाही, म्हणजे डिझेल इंजिनापर्यंत पोचत नाही. फिल्टर चोंदलाय, नाहीतर पाइपात हवा शिरलीय. सेल्फ फिरतोय, पांढरा धूर निघतोय, पण इंजिन पेट घेत नाही, म्हणजे डिझेल येतंय पण जळत नाही. हीटर प्लग गेलेत किंवा इंजिनातला दाब, कॉम्प्रेशन, बसलंय. सुरू झाल्यावर काळा धूर आला तर डिझेल जास्त आणि हवा कमी. निळसर आला तर इंजिन ऑइल खातंय. एवढं कुठलाही बरा मेकॅनिक सांगेल. आप्पांचं नाव झालं ते पांढऱ्या धुरामुळे, कारण गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर सुटत नसेल तर त्याची कारणं दोन असतात आणि डोळ्यांना ती सारखीच दिसतात. इंजिनात डिझेल फवारणारं नोझल गळत असेल तर ते न जळलेलं डिझेल असतं. पाणी अडवणारं हेड गॅस्केट गेलं असेल तर ती इंजिनात शिरलेल्या पाण्याची वाफ असते. पहिल्यात नोझल बदलून भागतं. दुसऱ्यात गाडी कधी रस्त्यात दगा देईल सांगता येत नाही.

आप्पा हे नाकाने ओळखायचे. तीनदा सावकाश श्वास ओढायचे. कच्च्या डिझेलचा वास उग्र. रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात त्या कुलंटचा गोडसर, काकवीच्या जवळ जाणारा. तिसऱ्या श्वासानंतर ते एकच शब्द बोलायचे आणि उठायचे. नाकाने जे सांगितलं ते पुन्हा उघडून तपासायची त्यांना गरज वाटत नसे. इतक्या वर्षांत ते एकदाही चुकल्याचं मला आठवत नाही, आणि मी माणसांच्या चुका लक्षात ठेवणारा आहे.

हे नाक त्यांनी पलटणीत कमावलेलं. कडेगाव तालुक्यातला जन्म, अठराव्या वर्षी भरती, सतरा वर्षं गाड्यांच्या दुरुस्तीत. डिझेल गोठून गूळ होतं अशा ठिकाणी पहाटे चाळीस ट्रक सुरू करायचे, हे त्यांचं काम. हवालदार म्हणून परत आले आणि ही शेड घातली. तेव्हा आसपासचे लोक गाडी आणायचे, पण चहा मात्र घरून थर्मासमध्ये घेऊन यायचे. बौद्धाच्या घरचा चहा नको, हे तोंडाने कुणी म्हणत नसे. आप्पांना ते समजत होतं आणि तेही काही म्हणत नसत. आमच्या जैन समाजातले तर फारच जपून. माझे वडील, जवाहर आण्णा, पहिल्यांदा ट्रॅक्टर घेऊन गेले तेव्हा सकाळी जाईबाईंसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, पाणी गाळून घेतलं असलं तर मला बी कपभर चहा द्या." जाईबाईंनी त्यांच्यादेखत पाणी गाळलं. त्या दिवसापासून आण्णांसाठी त्या घरात एक धुतलेलं फडकं वेगळं ठेवलेलं असायचं.

दुसऱ्या लाटेत आप्पांना कोरोना झाला. घरीच बरे झाले. वास गेला होता, तो सगळ्यांचाच जायचा आणि महिना-दोन महिन्यांनी यायचा. आप्पांचा आला नाही. हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, कुणालाच नव्हतं. एकट्या जाईबाईंना कळलं, कारण स्टोव्हवर दूध करपून घरभर धूर झाला आणि हा माणूस पाठमोरा बसून पेपर वाचत होता. त्यांनी विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "यील. कुणाला बोलू नगंस." वर्ष गेलं तरी आला नाही. काळा धूर दिसतो, निळा दिसतो, इंजिनाचा ठोका कानाला कळतो, तेवढ्यावर त्यांनी काम रेटलं. पांढऱ्या धुराची गाडी आली की ते क्रेटवर बसत, तीनदा श्वास ओढत आणि अंदाजाने सांगत. बहुतेक वेळा नोझलच असतं, त्यामुळे अंदाज बरोबर येत गेला.

त्या सुमारास आण्णांच्या किडन्या गेल्या. मंगळवार आणि शुक्रवार, आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस. सकाळी नऊची पाळी. चुकली तर मशीन दुसऱ्याला जातं आणि पुढची पाळी मिळेल तेव्हा खरी. पाळी चुकवायची नाही, हे डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं. आण्णांचं हृदयही थकलेलं होतं, अंगात पाणी साठलं की त्यांना श्वास घेता यायचा नाही. म्हणजे आमच्या त्या जुन्या सात सीटच्या गाडीवर आता माझ्या बापाचा जीव होता.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि ती गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देऊ लागली. सेल्फ बराच वेळ मारावा लागे, मग भसकन पांढरा धूर, आणि तो गावाबाहेर पडेपर्यंत सुटत नसे. एका बुधवारी संध्याकाळी मी ती आप्पांकडे लावली. गुरुवारी सकाळी गेलो तेव्हा जाईबाई किल्लीवर आणि आप्पा क्रेटवर बसलेले. गाडी सुरू झाली. धुराने चिंचेचं खोड दिसेना. आप्पांनी श्वास ओढले आणि मान वर करून मला विचारलं, "पाणी घटतंय का?"

"नाही," मी म्हटलं. "काठोकाठ असतं."

"नक्की?"

"रोज बघतो की आप्पा. दुकान उघडायचंय मला, काय ते सांगा."

इथे मला आण्णांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्यात पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत, आणि आण्णा तर फारच कडक. दुहेरी फडक्यातून गाळायचं, फडक्यात राहिलेलं जिथलं तिथे परत सोडायचं, कारण त्या बारीक जीवांचं मरण आपल्या हातून नको. मी गाडीच्या रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी पाइपने सोडायचो, ते त्यांना कधीच पटलं नव्हतं. तिथे तर पाणी उकळतं. आजारी पडल्यावर मळ्यातली सगळी कामं त्यांच्या हातून सुटली. मग सकाळी उठून एक तांब्या पाणी गाळायचं आणि रेडिएटरच्या बाटलीत रेघेपर्यंत भरायचं, हे एक काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. कुणाला सांगितलं नाही. मी त्यांना दोनदा बोनेट उघडून तांब्या ओतताना पाहिलं होतं. म्हातारा कशात तरी रमलाय, असं म्हणून मी पुढे गेलो. रोज तांब्याभर पाणी जातं कुठे, हा प्रश्न मला पडला नाही. आप्पांनी विचारलं तेव्हाही आण्णांचा तांब्या माझ्या डोळ्यांपुढे आला होता, अगदी क्षणभर. पण ते सांगायचं तर आप्पा आणखी चार प्रश्न विचारणार, रेडिएटर उघडणार, गाडी ठेवून घेणार. शुक्रवारी मिरजेला जायचं होतं. मी नाही म्हणालो.

"नोझल," आप्पा म्हणाले.

नोझलं सांगलीला तपासून आणली. चारातलं एक खरोखरच गळत होतं. हीटर प्लग दोन बदलले. गाडी पहिल्यापेक्षा बरी सुरू होऊ लागली. धूर थोडा राहिला होता. आप्पा म्हणाले, थंडीचा आहे, जाईल. मी त्यावर विश्वास ठेवला, कारण त्यांच्यावर विश्वास ठेवायची मला सवय होती.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी आम्हाला निघायला उशीर झाला. रात्री आण्णांना झोप नव्हती, पाय सुजले होते. मी अंघोळ करून बाहेर आलो तर ते तांब्या घेऊन गाडीकडे निघालेले, एक हात भिंतीला. मी त्यांच्या हातातला तांब्या काढून ओट्यावर ठेवला. "राहू दे ते आता, उशीर होतोय," असं म्हणालो आणि त्यांना मागच्या सीटवर बसवलं. गेल्या वर्षभरात त्यांनी माझ्याशी वाद घालायचं सोडूनच दिलं होतं.

तुंग गाव ओलांडलं आणि तापमानाचा काटा लाल रेघेच्या वर गेला. बोनेटमधून वाफ आली, इंजिन दोनदा धडधडलं आणि बंद पडलं. पुन्हा सुरू झालं नाही. मी रस्त्यावर उभा राहून हात करत होतो. उसाच्या ट्रॉल्या, मोटरसायकली, लग्नाची एक गाडी. तासाभराने दुधाचा एक टेम्पो थांबला. त्याने सांगलीपर्यंत आणलं, तिथून रिक्षा. मिरजेला पोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते आणि आण्णांच्या मशीनवर दुसरा पेशंट होता. दुपारी चारला पाळी मिळाली. तोवर त्यांना बसल्याजागी धाप लागत होती. मशीन लावल्यावर तासाभरातच रक्तदाब उतरला आणि ते काढावं लागलं. शुक्रवारीही तसंच झालं. शनिवारी सकाळी आण्णा गेले.

डॉक्टर म्हणाले, हे आज ना उद्या होणारच होतं. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच तसं होतं, हे मी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी लोक भेटायला आले होते. ओट्यावर सतरंजी टाकलेली, आई चंपाबाई दाराशी बसलेली. आप्पा आणि जाईबाई आले. आप्पांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. आईला नमस्कार करून ते बसले नाहीत, माझ्यासमोर उभे राहिले. आमची बंद पडलेली गाडी ओढून सांगलीच्या गॅरेजात नेली होती; तिथे जाऊन ते ती उघडलेली बघून आले होते.

"जिनेश, हेड गॅस्केट गेलं हुतं. मी नोझल सांगितलं."

"जाऊ द्या आप्पा आता."

"ऐकून घ्या. मला वास येत न्हाई. कोरोनापासनं. दीड वरीस झालं. तुमच्या गाडीमागं बसून मी श्वास घेतला त्ये खोटं हुतं. डोळ्याला तरी झोंबतंय का बघावं, तर ह्या डोळ्यांना पन्नास वर्षं धूर खाऊन काय झोंबत न्हाई. मी नुसतं सांगून टाकलं."

शेजारच्या मळ्यातले धैर्यशील मामा, वयाने आण्णांच्या बरोबरीचे, मधे पडले. "आवं आप्पासाहेब, त्यात कुलंट नव्हतंच म्हणं. साधं पाणी हुतं. साध्या पाण्याला कसला वास? नाक असतं तरी काय कळलं असतं?"

"डिझेलचा वास न्हाई, एवढं कळलं असतं," आप्पा म्हणाले. "पांढरा धूर आणि डिझेलचा वास न्हाई, म्हंजे पाणी. दुसरं काय असतंय?"

तेव्हा माझा तोल गेला. मी उठून उभा राहिलो. दीड वर्ष लपवलंत, मग आज कशाला सांगताय, असं विचारलं. ते म्हणाले, "आण्णा आता इचारणार न्हाईत. म्हणून मलाच सांगाय यायला पायजे." मग मी नको ते बोललो. तुमच्या अब्रूपायी माझा बाप गेला, असं चारचौघांत म्हणालो. जाईबाईंनी तोंडाला पदर लावला. आप्पा हात जोडून उभे होते आणि माझं बोलणं संपेपर्यंत हलले नाहीत. मी ओरडत होतो आणि आतून वाट बघत होतो, की हा माणूस आता म्हणेल, मी तुम्हाला विचारलं होतं, पाणी घटतंय का. तेवढं एक वाक्य त्यांच्याकडे होतं. ते त्यांनी वापरलं नाही. माझं झाल्यावर त्यांनी आईला पुन्हा नमस्कार केला आणि दोघं चालत रस्त्याकडे गेले.

पुढच्याच आठवड्यात शेडच्या दारावर पाटी लागली. त्यांच्या मुलीने, प्रियंकाने, शिरवळहून सुट्टीला आली असताना ती रंगवली, असं ऐकलं. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं: "मला वास येत नाही. पांढऱ्या धुराची गाडी आधी दुसरीकडे दाखवा. आप्पासाहेब बनसोडे." येणारे-जाणारे गाडी हळू करून वाचायचे. काही हसायचे. चिंचेखालच्या गाड्या कमी होत गेल्या. उन्हाळ्यात मी तिकडून जाताना एकच उभी असायची, कधी तीही नाही. आप्पा क्रेटवर बसलेले दिसायचे. मी नजर रस्त्यावर ठेवायचो.

पाटी वाचून लोक जे बोलायचे ते दुकानात माझ्या कानावर यायचं. बनसोड्यानं जवाहर आण्णांचा जीव घेतला, असंही एकाने खताची पोती मोजता मोजता म्हटलं. त्याला मी काही म्हणालो नाही.

पाच महिने मी असे काढले. मेच्या अखेरीस एका सकाळी सहाला शेडवर गेलो, गाडी न घेता, मोटरसायकलवर. जाईबाईंनी चहा ठेवला. आप्पा समोर बसले. मी सगळं सांगितलं. आण्णांचा तांब्या, मी दोनदा पाहिलेलं, त्यांनी विचारलेलं आणि मी दिलेलं उत्तर. त्या मंगळवारी हातातून काढून घेतलेला तांब्याही सांगितला.

आप्पांनी कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "आण्णा कवापासनं घालत हुते?"

"दिवाळीपासून असेल."

"रोज तांब्याभर?"

"हो."

"पांढरा धूर, आणि रोज तांब्याभर पाणी." ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "एवढं तवा सांगितलं असतं, तर नाक नसतानाबी कळलं असतं मला."

त्यात राग नव्हता. गाडीत काय बिघडलंय ते सांगायचा त्यांचा हाच आवाज. मी रडलो. जाईबाईंनी चहा पुढे सरकवला आणि त्या आत गेल्या. थोड्या वेळाने मी म्हणालो, आप्पा, ती पाटी काढा. एकट्या तुमच्याच नावावर हे राहावं असं मला वाटत नाही. लोक काय बोलतात ते मी ऐकतो.

त्यांनी मान हलवली.

"पाटी माझ्या चुकीची हाय, ती ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तुमच्या चुकीचं काय करायचं, त्ये तुमी बघा."

म्हणून हे लिहिलं आहे. आष्ट्यातल्या दुकानात, येणाऱ्याला वाचता येईल असं, मी ते काउंटरवर ठेवणार आहे. आईला अजून यातलं काही माहीत नाही. आधी तिला वाचून दाखवायचं आहे.